मेंदूचे सिग्नल 'वाचतात', 'मोजतात' की 'टिपतात'?

प्रश्न : नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे. तिच्या प्रकल्पात लोकांना चित्रे आणि वाक्ये दाखवायची आहेत आणि त्या वेळी मेंदूतली विद्युत हालचाल, हृदयाचे ठोके आणि तळहाताचा घाम यांची नोंद घ्यायची आहे. लेखी संमतीच्या इंग्रजी पत्रकाचे मराठी करताना तिने लिहिले, 'या प्रयोगात तुमच्या मेंदूचे व शरीराचे संकेत वाचले जातील.' ते पाहून पंचवटीतल्या एका काकूंनी 'म्हणजे माझ्या मनातलं सगळं तुला कळणार का गं?' असे विचारले आणि सही न करता कागद परत दिला. तर सिग्नलला 'संकेत' म्हणावे, 'लहरी' म्हणावे की आणखी काही? आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो 'प्रयुक्त' की 'सहभागी'?

उत्तर : काकूंचे काही चुकले नाही. त्यांनी मराठी वाक्य मराठीसारखे वाचले. दोष 'संकेत'कडे थोडा जातो, 'वाचले जातील'कडे पुष्कळ. नामाचा फार घोळ घालू नका, 'सिग्नल' आहे तसा ठेवलात तरी चालेल. क्रियापद मात्र बदलाच.

सिग्नल हा शब्द आता परका राहिलेला नाही. नाशिकच्या सीबीएस चौकात तो 'लागतो', 'सुटतो' आणि पोलीस दिसला नाही की 'तोडला' जातो. रेल्वेचा सिग्नल 'पडतो', आणि तो पडला की गाडी निघते, कारण पूर्वी खांबावरचा हात खरोखरच खाली पडायचा. नाम एकच, पण थांबायचे की निघायचे हे क्रियापद सांगते. तुमच्या पत्रकाचेही तसेच आहे.

'संकेत' म्हणजे मुळात आधी ठरवून ठेवलेली खूण. त्यात देणारा असतो, घेणारा असतो आणि दोघांमध्ये काहीतरी ठरलेले असते. म्हणूनच आपण संकेत 'पाळतो' आणि संकेत 'देतो'. वर्तमानपत्रांनी हा शब्द बराच सैल केला आहे. पावसाचेही संकेत मिळतात, मंत्रिमंडळ विस्ताराचेही. भाषा अशी सैल होतच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'मेंदूचे संकेत' म्हटले की मेंदू काहीतरी सांगतो आहे आणि समोरची मुलगी ते ऐकते आहे, असे चित्र उभे राहते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात हे खरे. शाळेच्या विज्ञानात त्याला 'आवेग' किंवा 'संदेशवहन' म्हणतात आणि तिथे ते शब्द बसतात. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला मात्र कोणी निरोप धाडलेला नसतो. लाखो पेशींची एकाच वेळची विद्युत हालचाल कवटी आणि कातडी ओलांडून जेवढी बाहेर उरते, तेवढीच त्याच्या वाट्याला येते.

'लहरी' हा शब्द ईईजीपुरता, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीपुरता, रुळला आहे. 'अल्फा लहरी' म्हटले की कोणाला लहरी माणूस आठवत नाही. पण तुमच्या प्रकल्पात ठोके आणि घामही आहेत, त्यांना लहरी म्हणता येणार नाही. तेव्हा तिन्हींना मिळून एकच नाम हवे असेल तर 'नोंदी' म्हणा आणि पुढे चला.

आता 'वाचणे'. एखाद्याचे मन वाचणे हा आपल्याकडचा जुना, चांगला रुळलेला प्रयोग आहे, आणि 'मेंदू वाचणे' कानावर पडले की ऐकणारा थेट तिथेच पोचतो. गंमत म्हणजे माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरलाही तेच हवे होते. तरुणपणी सैन्यात असताना हा जर्मन माणूस घोड्यावरून पडला आणि थोडक्यात बचावला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला त्याच्याविषयी अनामिक काळजी वाटली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. एका मनातले दुसऱ्या मनात कसे पोचले, हा ध्यास घेऊन तो मेंदूकडे वळला. जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये त्याने माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली. पण ती प्रसिद्ध करायला १९२९ साल उजाडले, इतकी त्याला स्वतःलाच खात्री वाटत नव्हती. हाती आले ते मनातले विचार नव्हते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला साधारण दहा वेळा होणारे हेलकावे त्याला दिसले, आणि डोळे उघडले की ते ओसरत होते. त्यांनाच आपण अल्फा म्हणतो.

'पण डॉक्टर ईसीजी वाचतातच की', असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण तिथे कर्म कोणते ते पाहा. वाचला जातो तो आलेख, हृदय नव्हे. 'आलेख वाचला' हे बिनचूक मराठी आहे. 'मेंदू वाचला' म्हणाल तर ऐकणाऱ्याला वाटेल, गाडी घसरली पण हेल्मेट होते.

मग क्रियापद कोणते? मी 'टिपणे' सुचवेन. चिमणी दाणे टिपते, आपण डोळे टिपतो, सांडलेली शाई टीपकागद टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो आणि सभेत कोणीतरी मुद्दे टिपून घेतो. या सगळ्यांत जे समोर आहे ते नेमके उचलणे एवढेच आहे, त्याचा अर्थ लावल्याचा दावा नाही. शिवाय टिपण्यात बारीकपणा आहे, आणि इथे त्याची गरजच आहे. डोक्यावर मिळणारा विद्युतदाब काही मायक्रोव्होल्टपासून फार तर शंभरेक मायक्रोव्होल्टपर्यंत असतो. पन्नास धरला तरी तो भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या तीस हजारावा हिस्सा झाला. पापणी लवली तर त्याहून मोठी लाट येते. दात आवळले की चावण्याचे स्नायू सगळा आलेख गढूळ करतात. भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळीच. या सगळ्याला प्रयोगशाळेत 'नॉइज' म्हणतात. मराठीत 'गोंगाट' लिहिलेला पाहिला आहे. मला जुन्या रेडिओची 'खरखर' अधिक जवळची वाटते, कारण गोंगाट माणसे करतात.

या खरखरीतून हवे ते कसे निघते, हे तुमच्या वाक्यांच्या उदाहरणानेच सांगतो. 'आजीने गरम भाकरीवर तूप वाढले' हे वाक्य एकेक शब्द करून पडद्यावर दाखवले तर काही विशेष घडत नाही. 'आजीने गरम भाकरीवर मोजे वाढले' असे दाखवले तर 'मोजे' दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मध्य-मागच्या भागावर ऋण बाजूला झुकणारी एक लाट येते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी १९८० मध्ये अशाच विक्षिप्त शेवटांच्या वाक्यांवरून ती दाखवली आणि तिला एन४०० म्हणतात. मात्र ही लाट एका वाक्यात नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. तशी डझनावारी वाक्ये दाखवायची, प्रत्येक वेळचा तुकडा शब्दाच्या क्षणाशी जुळवून एकावर एक ठेवायचा आणि सरासरी काढायची. खरखर दर वेळी वेगळी असल्याने ती एकमेकींत विरते आणि दर वेळी सारखे येते तेवढे उरते. काकूंना हे सांगायला हरकत नाही : एका वाक्यावरून त्यांच्या डोक्यात काय चालले आहे हे कळणे दूरच, ती एक लाटदेखील बहुतेक वेळा दिसत नाही.

घामाची गोष्ट मात्र मराठीच्या अंगाने जास्त रंगते. आपल्याकडे उकाड्याने घाम 'येतो', भीतीने 'फुटतो' आणि कष्ट करणारा तो 'गाळतो'. बोटांना लावलेल्या यंत्राला या तीन क्रियापदांतला फरक कळत नाही. दोन बोटांच्या पेरांवर दोन इलेक्ट्रोड लावतात, जाणवणारही नाही इतका अर्ध्या व्होल्टचा दाब देतात आणि त्वचेतून वीज किती सहज जाते, म्हणजे तिची वाहकता किती, ते पाहतात. घामाच्या ग्रंथी भरू लागल्या की वाट सोपी होते. थेंब वर दिसावा लागत नाही. काही घडल्यावर एक ते तीन सेकंदांनी रेघ वर चढते आणि सावकाश उतरते. तळहाताच्या या ग्रंथी सहानुभूती (सिम्पथेटिक) चेतासंस्थेच्या, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या, ताब्यात असतात. (इथल्या 'सहानुभूती'चा कणवेशी संबंध नाही, हे पत्रकात येणार असेल तर तळटीप द्याच.) ती रेघ सापाच्या चित्राने चढते, तान्ह्या बाळाच्या चित्रानेही चढू शकते, मनातल्या मनात हिशेब करायला सांगितला तर चढते आणि नुसता खोल श्वास घेतला तरी चढते.

आता आपले वाक्य पाहा : 'भीतीने घाम फुटला.' इथला 'ने' फार मोठे काम करतो. बोलणाऱ्याला प्रसंग ठाऊक आहे, बिबट्या त्याने पाहिला आहे, म्हणून कारण तो आधीच तृतीयेत बांधून देतो. प्रयोगशाळेत तो 'ने' आयता मिळत नाही. तो मिळवण्यासाठीच सारी यातायात असते. चित्रांचा उजेड सारखा ठेवायचा, क्रम मिसळायचा, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या शांत अवस्थेशी करायची आणि भीतीदायक व साध्या चित्रांतला फरक पुष्कळ जणांत टिकतो का ते बघायचे. एवढे केल्यावर 'या चित्रांमुळे वाहकता वाढली' म्हणता येते. त्याच्या उलट दिशेचे वाक्य, 'वाहकता वाढली म्हणून तो घाबरला होता', हे मात्र तरीही म्हणता येत नाही. 'ने'पासून 'म्हणून'कडे अशी उडी मारण्याला मेंदूचे अभ्यासक रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये मेंदूच्या चित्रांच्या संदर्भात उलटे अनुमान म्हणून नावे ठेवली होती. ती उडी अजून थांबलेली नाही, आणि तुमच्या मूळ वाक्यातले 'वाचले जातील' तीच उडी मारते.

ठोक्यांबद्दल एकच सांगतो, कारण ते मला फार आवडते. भीतीने छाती धडधडते असे आपण म्हणतो आणि काळजाचा ठोका चुकला असेही म्हणतो. दोन्हींत तथ्य आहे. अचानक मोठा आवाज झाला की ठोके वाढतात. पण नकोसे चित्र समोर आले तर पहिल्या काही सेकंदांत ते बहुधा मंदावतात, जणू शरीर थबकून पाहत असते. ठोका चुकत नाही, पण दोन ठोक्यांमधले अंतर वाढते.

तुमच्याकडे एफएमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूची चित्रे घेणारे यंत्र, नाही, म्हणून थोडक्यात. 'अमुक केल्यावर मेंदूचा तमुक भाग उजळतो' हे वाक्य मराठी लेखांत वारंवार येते. उजळत काही नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विसावलेल्या शरीराची वीस टक्के ऊर्जा वापरतो आणि सगळाच सतत चालू असतो. यंत्र रक्तातल्या प्राणवायूचा फरक टिपते, तोही चारपाच सेकंद उशिराने, आणि चित्रातले रंग आकडेमोडीनंतर भरलेले असतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवून', आकडेमोडीत एक आवश्यक दुरुस्ती वगळली तर त्याच्याही डोक्यात रंग दिसतात हे दाखवले होते.

काकूंच्या भीतीला आणखी एक कारण असू शकते : बातम्यांतले 'ब्रेन मॅपिंग'. गुन्ह्याच्या तपासात वापरली जाणारी ती चाचणी ईईजीवरच उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत असे ठरवले. तुमच्या प्रयोगाचा तपासाशी काही संबंध नाही, हे पत्रकात एका ओळीत लिहिलेत तर बरे.

मी असा मजकूर करीन :

'या प्रयोगात तुम्हाला काही चित्रे व वाक्ये दाखवली जातील. त्या वेळी मेंदूतली विद्युत हालचाल, हृदयाचे ठोके आणि तळहाताच्या त्वचेत होणारे बदल टिपले जातील. या नोंदींवरून तुमच्या मनातले विचार कळत नाहीत. अनेकांच्या नोंदी एकत्र करून, चित्रे व वाक्ये बदलली की त्यांत सरासरी काय फरक पडतो एवढेच पाहिले जाईल. नको वाटले तर कधीही थांबता येईल, कारण सांगावे लागणार नाही.'

प्रयोगाला येणाऱ्यांसाठी तुम्ही केलेल्या सूचनांमध्ये 'अंघोळ करून यावे' असे लिहिले आहे, तिथे 'न्हाऊन यावे' करा. अंघोळ डोके कोरडे ठेवूनही होते. न्हाणे म्हटले की घरातल्या बायकांना डोक्यावरून पाणी घेणे लगेच कळते, तरुण मुलांसाठी 'केस धुऊन' असे जोडा. 'डोक्याला तेल लावू नये' हे वेगळ्या ओळीत हवे, कारण केस धुतल्यावर तेल लावणारे पुष्कळ आहेत, आणि तेलकट कातडीवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. नंतर इलेक्ट्रोडखाली लावलेले जेल काढायला पुन्हा न्हावे लागेल हेही आधीच सांगा, नाहीतर लग्नाला जायच्या दिवशी कोणीतरी येईल. 'उत्तेजक पेये टाळावीत' हे वाक्य काढून 'दोन तास आधीपासून चहा-कॉफी घेऊ नये' असे लिहा. उत्तेजक म्हटल्यावर चहा कोणाच्या डोक्यात येत नाही. झणझणीत मिसळ खाऊन थेट खुर्चीत बसणाऱ्यांनाही थोडा वेळ थांबवा. आणि जानेवारीत सकाळच्या वेळा देऊ नका. नाशिकच्या थंडीत स्कूटरवरून आलेल्या माणसाची बोटे गारठलेली असतात आणि गार बोटांवर घामाची ती रेघ जागची हलत नाही.

'प्रयुक्त' हा मराठी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीतला शब्द आहे. 'प्रयोगकर्ता' आणि 'प्रयुक्त' ही जोडी अनेक वर्षे चालत आली, आणि तुमचे मार्गदर्शक आग्रही असतील तर प्रबंधात तोच ठेवा. 'सहभागी' आजच्या रीतीला धरून आहे, पण अनेकवचनातही तो तसाच राहतो, तेव्हा 'सर्व सहभागी व्यक्ती' असे लिहावे लागेल. काकूंच्या हातात जाणाऱ्या कागदावर दोन्ही नकोत, तिथे 'तुम्ही' पुरे.