रविवारची मिसळ शुक्रवारी रात्रीच ठरते

प्रश्न: त्र्यंबक रोडला आमचं मिसळीचं छोटं हॉटेल आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो. मागच्या महिन्यात एका ॲपची ट्रायल घेतली, स्टॉक बघून एआय आपोआप माल मागवेल म्हणाले. एकादशीला त्याने रोजच्याएवढीच मटकी काढायला सांगितली आणि निम्मी उसळ टाकून द्यावी लागली, जीव तुटला हो. हे आमच्यासारख्यांसाठी आहे का नाही? - एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, अन्न टाकून द्यायची वेळ आली की काय वाटतं ते मला कळतंय. पण यावरून एआय तुमच्या कामाचंच नाही असं ठरवू नका, कारण बहुतेक काय झालं असेल तर त्याने मागचे वार बघितले, आणि एकादशी काही वार बघून येत नाही, कधी मंगळवारी कधी शनिवारी. त्याला पंचांग आपण द्यायचं. एक्सेल शीटमध्ये तारखेसमोर 'उपास' असा वेगळा कॉलम करा, एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार सगळं वर्षभराचं एकदाच भरून ठेवा. तुमचं हॉटेल त्र्यंबक रोडला म्हणजे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी पण त्यात हवीच, गर्दी रविवारपासूनच सुरू होते आणि तारीख दरवर्षी बदलते.

दुसरी गोष्ट, मटकीचा प्रश्न खरेदीचा नाहीच, भिजवण्याचा आहे. शुक्रवारी रात्री भिजवली, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, तेव्हा रविवारी सकाळी मोड तयार. म्हणून एआयला 'मटकी कधी मागवू' विचारण्यापेक्षा 'आज रात्री किती किलो भिजवू' हे रोज विचारा, खरे पैसे तिथे वाचतात.

आणि हे मात्र नीट वाचा. समजा रविवारी 200 प्लेट गेल्या आणि साडेदहालाच पाव संपले. मशीनला दिसतं 200. पण त्यानंतर जी माणसं परत गेली ती बिलात कुठेच नाहीत, मग पुढच्या रविवारी पण ते 200 चाच माल सांगणार आणि तुम्ही परत साडेदहाला हात जोडून उभ्या. त्यामुळे कुठला पदार्थ किती वाजता संपला ते रोज लिहा, आणि रात्री किती उरलं, किती टाकलं ते पण. मी तर म्हणेन ॲपचे पैसे भरायच्या आधी दीड-दोन महिने एवढंच करा, वहीत केलं तरी चालेल. फक्त माप एकच ठेवा, एक दिवस पाव लादीत आणि दुसऱ्या दिवशी नगात लिहिले तर सगळा हिशोब चुकतो.

तेल, मसाला, पापड याला एवढं डोकं लावायची गरजच नाही. रोज 5 किलो तेल लागतं, दुकानदार 2 दिवसांनी पोचवतो, एक दिवसाचं हाताशी जास्तीचं धरलं तर 5 गुणिले 3 म्हणजे 15 किलो, थोडक्यात शेवटचा डबा फोडला की ऑर्डर. हे खुशाल ऑटोवर टाका, फक्त एका वेळी 2 डब्यांच्या वर जाणार नाही अशी मर्यादा घालून ठेवा.

कांदा मात्र ऑटोवर अजिबात नको. भाव पडला की भाव बघणारं सॉफ्टवेअर जास्त घ्या म्हणू शकतं, पण आपल्याला माहितीये की उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो आणि पावसाळ्यात लावलेला लाल कांदा थोड्याच दिवसांत नासायला लागतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये स्वस्त दिसला म्हणून गोण्या भरू नका. पाव, दही, कोथिंबीर पण तसंच, एआयने आकडा सुचवायचा, तुम्ही बघायचा आणि मगच व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकायची.

राहिला 2027 चा सिंहस्थ. मागचा 2015 ला झाला, तेव्हाची बिलं तुमच्या मशीनमध्ये नसणार, म्हणजे एआयकडे शिकायला काहीच नाही. त्या दिवसांत बाहेरची माणसं असणार, रस्ते बंद असणार, दूध-पावाची गाडी वेळेवर येईलच असं नाही. आधीच्या पर्वणीला तुमच्या भागात धंदा केलेल्या जुन्या हॉटेलवाल्या काकांना आत्ताच जाऊन भेटा, कुठल्या दिवशी काय संपलं होतं ते विचारून घ्या आणि तेच आकडे शीटमध्ये भरा.