दक्षिणेचं दप्तर: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रोजच्या जगण्यावर प्रबंध करायचा आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ या जुन्या कागदांच्या संग्रहाची सूची उघडली, तर ‘३ रेषीय फूट’, ‘सीरिज’, ‘सबसीरिज’ असली भाषा. सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

आधी मापाचं. खोकी फळीवर एकापुढे एक उभी केली की जितकी जागा अडते, ते रेषीय फूट. नेहमीचं राखाडी खोकं पाच इंच जाड असतं, म्हणजे ३ फुटांत सात-आठ खोकी. एका खोक्यात वीसेक फोल्डर धरा. पहिल्या आठवड्यात हस्ताक्षर सरावेपर्यंत दिवसाला दोन-तीन फोल्डर वाचून झाले तरी पुष्कळ.

‘सीरिज’ म्हणजे एका प्रकारच्या कागदांचा गट, ‘सबसीरिज’ त्याचा पोटगट. सूचीत पत्रव्यवहार सगळ्यांत वर असतो, म्हणून सगळे तिथेच घुसतात. रोजचं जगणं हवं असेल तर शेवटच्या ‘व्हॉल्यूम्स’कडे आधी जा. रोजकीर्द, कापूस वेचणीच्या वह्या, दुकानाच्या उधारीच्या वह्या तिथे असतात. पत्रात माणूस दाखवायचं ते लिहितो. वहीत मीठ किती, जोडे किती हेच येतं.

आणि गठ्ठा कोणी जमवला ते पाहा. हा संग्रह १९३० साली जे. जी. डी रुलॅक हॅमिल्टन यांनी उभा केला. ते मोटार घेऊन राज्याराज्यांत हिंडत आणि घरांच्या माळ्यांवरून कागद उचलून आणत. शेजारच्या राज्यांतले लोक त्यांना ‘रॅन्सॅक’ म्हणजे झडती घेणारा म्हणू लागले. ज्यांच्या घराला माळा होता त्यांचेच कागद आले, हे उघड आहे. शिवाय यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेकडे ते गोऱ्या जमीनदारांच्या बाजूने पाहणाऱ्या इतिहासकारांपैकी होते. म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या ॲमिस्टॅड रिसर्च सेंटरसारखा, कृष्णवर्णीयांचेच कागद जपणारा संग्रह जोडीला घ्या. एकाच संग्रहावर प्रबंध उभा केलात, तर मालकाच्या ओसरीवरूनच सगळं शेत पाहिल्यासारखं होईल.

जाण्यापूर्वी खोकी मागवून ठेवा, कारण बरीचशी दुसऱ्या इमारतीत असतात. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, हातात फक्त पेन्सिल. कागदाला हातमोजे नकोत. बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. मोजे छायाचित्रांसाठी. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या चिठ्ठीचा काढा. हे विसरलात तर घरी आल्यावर चारशे फोटो कुठल्या खोक्यातले ते सांगता येणार नाही.

दक्षिणेतल्या एका कापसाच्या मळ्याच्या, १८५०च्या दशकातल्या वहीचं पान मिळालं. डावीकडे नावं, पुढे सोमवार ते शनिवार, खाली ९५, १४०, १६२ असे आकडे. पैसे आहेत का? (नागपूर)

पैसे नाहीत, पौंड आहेत. ही वेचणीची वही. संध्याकाळी प्रत्येक गुलामाची टोपली तोलून मुकादम आकडा टाकायचा, तोही सरकीसकट कापसाचा. सरकी काढली की साधारण तिसरा हिस्सा रुई उरते. त्या काळची गाठ ४०० पौंडांची धरली, तर एका गाठीला साडेबाराशे पौंडांच्या आसपास वेचणी लागते. तुमच्या पानावरच्या १४०वाल्या माणसाचे नऊ दिवस झाले.

पान छापील रकान्यांचं असेल तर ते बहुधा मिसिसिपीच्या टॉमस ॲफ्लेकच्या तयार वह्यांपैकी असेल. मजुरांच्या संख्येप्रमाणे त्या लहानमोठ्या मिळत. वर्षअखेरचं पान जरूर काढा. तिथे गुलामांची नावं, वयं आणि दोन किमती असतात: वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची. बैलजोडीची किंमत लावावी तशी माणसाची लावलेली. या वह्यांत इतकं उघड दुसरं काही नाही.

या आकड्यांवरून ‘कार्यक्षमता’ काढायला जाऊ नका. आकडा कमी पडला तर काय होई, त्याला वहीत रकाना नाही. ‘सिक’ लिहिलंय म्हणजे आजारी, पण बाळंतीणही तिथेच धरली जाते. आडनावं नसतात. ‘बिग जिम’ आणि ‘लिटल जिम’ दोन वेगळी माणसं असतात, आणि ती बाप-लेक असतीलच असं नाही. नाती शोधायला जोडे, घोंगड्या आणि कापड वाटल्याच्या याद्या बघा. तिथे नावं बहुधा कुटुंबवार येतात. जन्माच्या यादीत आईचं नाव मिळतं, बापाचं क्वचितच.

नागपूरकरांसाठी एक जोड. याच गठ्ठ्यांतल्या दलालांच्या पत्रांना लिव्हरपूलचं छापील भावपत्रक टाचलेलं सापडतं. त्यात ‘ऑर्लिन्स’, ‘मोबील’ या अमेरिकी बंदरांच्या नावाने चालणाऱ्या कापसाच्या खाली ‘सुरत’ अशी ओळ असते. पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाचं ते बाजारातलं नाव. १८६१ नंतर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तशी या ओळीतला भाव चढत गेला, आणि मुंबईत पैसा कसा उसळला ते आपल्याला माहीत आहे.

माझी सून आफ्रिकन-अमेरिकन. तिच्या माहेरचं घराणं जॉर्जियातलं. १८७०च्या मागे काहीच सापडत नाही. (अटलांटा)

तिथेच सगळे अडतात. पूर्वी गुलाम असलेल्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा १८७० साली आली. १८५० आणि १८६०च्या गुलाम-याद्यांत नाव मालकाचं. त्याखाली वय, लिंग आणि रंग एवढंच. म्हणून मागे जायचं तर मालक कोण ते शोधावं लागतं. आडनाव शेवटच्या मालकाचंच असणार हा अंदाज फार जणांना चुकीच्या घराण्यात घेऊन गेला आहे. मुक्त झाल्यावर कित्येकांनी त्याआधीच्या एखाद्या मालकाचं, आईबापांच्या मालकाचं किंवा स्वतःच्या पसंतीचं आडनाव घेतलं.

क्रम असा ठेवा. १८७०च्या पानावरचे शेजारी टिपून घ्या. मग १८६७च्या जॉर्जियाच्या मतदार-नोंदी; २१ वर्षांवरच्या पुरुषांची नावं त्यांत आहेत. मग फ्रीडमन्स बँकेची, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या बचत बँकेची (१८६५ ते १८७४), खातेदारांची नोंद. बँक बुडाली, पण नोंद राहिली: जन्मगाव, आईबाप, भावंडं, कधीकधी जुना मालकही. त्यानंतर फ्रीडमेन्स ब्यूरोचे, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे, मजुरीचे करार. मालकाचं नाव हाती आलं की काउंटी न्यायालयातली त्याची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या. घराण्याच्या खाजगी कागदांचे संग्रह सगळ्यांत शेवटी. सुरुवातीलाच तिथे शिरलात तर वर्ष जाईल.

१९३६ ते ३८ या काळात सरकारी योजनेत पूर्वीच्या गुलामांच्या २,३००हून अधिक मुलाखती झाल्या. त्याही चाळा, पण फक्त जॉर्जियाच्या खंडात नको. माणसं स्थलांतरित झाली होती. सगळ्यांत जास्त मुलाखती आर्कान्सॉत झाल्या आणि त्यांतले बरेच मूळचे दुसऱ्या राज्यांतले. विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे ऐंशीच्या पुढचे आणि मंदीच्या दिवसांत मदतीच्या आशेवर. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य वाचताना ते कोणासमोर बोललं गेलं ते पाहा.

जुन्या पत्रांत ओळींवर आडव्या ओळी लिहिलेल्या आहेत. कशा वाचायच्या? (ठाणे)

टपाल वाचवायला भरलेलं पान काटकोनात फिरवून वर पुन्हा लिहीत. फोटो ९० अंशांत फिरवा आणि एका दिशेच्याच ओळी वाचा. थोड्या वेळात डोळा दुसऱ्या ओळी गाळायला लागतो. तारखेत ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा. जे-एन-ओ हे जॉनचं लघुरूप, जोनाथनचं नव्हे. ‘सर्व्हंट्स’ म्हणजे बहुतेक वेळा गुलाम.

रॅलेजवळ जुन्या सामानाच्या विक्रीत पत्रांचं खोकं घेतलं. काही कागदांना गंजलेल्या टाचण्या आहेत. लॅमिनेट करू का? (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

अजिबात नको. १९३०च्या दशकापासून व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरोच्या पद्धतीने कित्येक अभिलेखागारांनी मौल्यवान कागद सेल्युलोज ॲसिटेटमध्ये दाबले. आता ते प्लास्टिकच आंबट होऊन पिवळं पडतं, आणि काढायला कागदापेक्षा महाग पडतं. चिकटपट्टीही नको.

टाचणी ओढू नका. कागदाच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती हळूच सैल करा. पत्रं पाकिटांतून काढा, पण पाकीट त्याच पत्राच्या मागे ठेवा. तारीख आणि गाव पुष्कळदा फक्त शिक्क्यावर असतं. तिकिटं कापू नका. ज्या क्रमाने गठ्ठा आला तो क्रम मोडण्यापूर्वी फोटो घ्या. तपकिरी पडलेली शाई लोहाची असते. पाणी लागलं की पसरते आणि कागद खाते. बुरशीचा वास आला तर ते खोकं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि मुखपट्टी लावल्याशिवाय उघडू नका. आम्लमुक्त फोल्डर, २१ अंशांखालचं तापमान, ३० ते ५० टक्के आर्द्रता. म्हणजे माळा नको, तळघर नको. आतल्या खोलीतलं कपाट चालेल.

ग्रंथालयाला द्यायचं ठरवलंत तर दानपत्रात लिहून घ्या की नको असलेले कागद परत करायचे की नाही. छापायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, खोकं तुमचं झालं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे राहतो: अप्रकाशित पत्राला मृत्यूनंतर ७० वर्षं, लिहिणारा अज्ञात असेल तर लिहिल्यापासून १२०. तुमची पत्रं १८८०च्या दशकातली असतील आणि लिहिणारा १९५५ पूर्वी वारलेला असेल, तर छापायला हरकत नाही.