नाचोजच्या आधी मका

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला भूगोल शिकवते. ‘एक देश’ या वार्षिक उपक्रमासाठी यंदा वर्गाने मेक्सिको निवडला असून मुलांना नाचोज आणि टाको हे मक्याचे पदार्थ करायचे आहेत. करून खाऊ घालणे अवघड नाही. परंतु तेवढ्याने त्या लोकांविषयी काही कळेल का, अशी मला शंका वाटते. शिवाय या वयात ‘शी, हे काय खातात!’ असे शेरे हमखास येतात. काय करावे?
(एक शिक्षिका)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पाकिटातले नाचोज आणि त्यांवर वितळलेले चीज एवढ्यावर उपक्रम आटोपला, तर मुलांना मेक्सिको नव्हे, चित्रपटगृहाच्या मध्यंतरातला खाऊ कळेल. तो पदार्थही तसा अलीकडचा आहे. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या गावातील एका उपाहारगृहात, अवेळी आलेल्या गिऱ्हाइकांसाठी हाताशी होते त्यातून तो १९४०च्या दशकात तयार झाला. म्हणून तो टाळावा असे नाही, शेवटी ठेवावा.

आरंभ सुक्या मक्यापासून करावा. मेक्सिकोतील रोजची भाकरी म्हणजे तोर्तिया. पारंपरिक पद्धतीत तिच्यासाठी मका कोरडा दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर तसाच ठेवून, सकाळी साले चोळून धुऊन ओलाच वाटतात. अशा मक्याला निश्तमाल म्हणतात. या नावात तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाउआत्ल भाषेतील राखेचा शब्द दडलेला आहे, कारण चुन्याप्रमाणे राखही वापरली जात असे. वाटून तयार होणाऱ्या गोळ्याला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. वर्ग हसेल, हसू द्यावे. गिरण्या येण्यापूर्वी हे वाटण मेताते नावाच्या, आपल्या पाट्याच्या जवळच्या नातलग असलेल्या दगडावर होत असे आणि बायकांचे रोजचे कित्येक तास गुडघ्यांवर बसून त्यातच जात. शाळेत पाटा-वरवंटा मिळाल्यास प्रत्येक मुलाला, विशेषतः मुलग्यांना, पाच मिनिटे वाटायला लावावे. एका संस्कृतीतील श्रमाची वाटणी समजावण्यास तक्त्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

चुना कशासाठी, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. साल सुटते आणि पीठ चिकटपणा धरते, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. न दिसणारी गोष्ट अशी की मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही आणि चुन्यामुळे ते मोकळे होते. युरोपीयांनी मका युरोपात नेला, पण चुना वापरण्याची रीत नेली नाही. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, जवळजवळ मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरला. त्याचे मूळ संसर्गात नसून आहारात आहे, हे अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून केलेल्या अभ्यासातून दाखवले. दख्खनमध्ये प्रामुख्याने ज्वारीवर राहणाऱ्यांतही हा रोग आढळला होता आणि त्यावर हैदराबादच्या पोषणसंस्थेत संशोधन झाले होते, हेही सांगावे, म्हणजे ही गोष्ट केवळ ‘त्यांची’ राहणार नाही.

शेऱ्यांबाबत एकच नियम पुरेसा आहे. आवडले नाही असे म्हणण्याची मोकळीक असावी, परंतु चव, वास आणि पोत यांचे शब्द वापरूनच. त्याच दिवशी खरवस कशाचा करतात हे मेक्सिकोतील समवयस्काला समजावून सांगणारा एक परिच्छेद लिहायला द्यावा. ‘शी’ दुसऱ्या बाजूने कशी ऐकू येते, हे लिहितानाच मुलांच्या ध्यानात येईल.

आपला विषय भूगोल असल्याने मिल्पा वगळू नये. एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र घेण्याची ही पद्धत ज्वारीत तुरीच्या ओळी पेरणाऱ्या घरातील मुलांना चटकन समजेल. जानेवारी २००७मध्ये तोर्तिया महागली म्हणून मेक्सिको सिटीत हजारो लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले होते. आजचा मेक्सिको या घटनेतून दिसतो, अन्यथा सारा देश मोठ्या टोप्या आणि पिरॅमिड यांच्यातच अडकून पडतो. वेळ उरल्यास दसऱ्याचा झेंडू आणि डहाणूचा चिकू मूळचे कुठले, हे मुलांना शोधू द्यावे. दोन्ही तिकडचेच.

प्रश्न : चुन्यात शिजवलेला मका मुलांना देणे सुरक्षित आहे का? पालक विचारणारच.
(याच शिक्षिका)

उत्तर : योग्य प्रमाणात आणि नीट धुतल्यास सुरक्षित आहे. एक किलो सुक्या मक्याला तीन लिटर पाणी आणि पानाला लावतात तो खाण्याचा चुना दहा-पंधरा ग्रॅम पुरे. कळीचा चुना मुळीच वापरू नये, तो भाजतो. पातेले स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. चुना कालवण्याचे आणि उकळण्याचे काम आपण स्वतः, आदल्या संध्याकाळी करावे. स्वीटकॉर्न चालत नाही. बियाण्याचा मका तर कदापि आणू नये, त्याला औषध चोळलेले असते. धान्याच्या दुकानातून खाण्याचाच मका मागून घ्यावा. दाणे तीन-चार पाण्यांत धुवावेत आणि साले हातात येईनाशी झाली की वाटायला घ्यावेत. एवढ्या मक्यात चाळीस मुलांना एकेक लहान तोर्तिया सहज होईल.