माउस लावला की टचपॅड गप्प?

मित्रा, लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नकोस. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’मधलं ‘टचपॅड’ उघड. माउस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवायची चौकट तिथे दडलेली असते, तिच्यावर टिक कर. टचपॅड बंद करणारी फंक्शन की (कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या F1, F2 वगैरेंपैकी एक) चुकून दाबली गेली नाही ना, तेही बघ. माझ्याकडून दोनदा झालंय, हसू नकोस.

विंडोजच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) टचपॅडच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ कर, म्हणजे टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, अर्थात ड्रायव्हर, आधीच्या आवृत्तीवर जाईल. ते बटण फिकट असेल, म्हणजे दाबता येत नसेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुझ्याच मॉडेलचा ड्रायव्हर आधी उतरवून घे, मगच आत्ताचा काढ. आणि तेव्हा यूएसबी माउस लावलेला ठेव, नाहीतर कर्सर हलवता न आल्याने कीबोर्डवरची टॅब की दाबत बसशील.