डमी वाजली की शाबासकी, वॉर्डात वाजलं की…

पत्र : ताई, मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात सहा दिवस एका आजोबांना मीच स्पंज द्यायचे, चहा पाजायचे. सातव्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं आणि स्टाफ सिस्टरनी मला सीपीआरला, म्हणजे छाती दाबून हृदय परत चालू करायला, उभं केलं. दाबताना हाताखाली 'कट्' आवाज झाला. ते गेले. लास्ट ऑफिसही, म्हणजे गेल्यावर त्यांचं अंग पुसून आवरणं, मी एकटीनेच केलं. रडले तर मॅडम म्हणाल्या, "एवढं होतं तर नर्सिंगला कशाला आलीस?" दहा दिवस झाले, झोप नाही, मेसमध्ये चहाचा वास आला तरी ढवळतं. माझ्यामुळेच गेले का ते? सोडून द्यावंसं वाटतं, पण बाबांनी कर्ज काढलंय.

उत्तर : अगं पोरी, आधी त्या आवाजाचं बोलू, तुझी झोप तिथेच अडकली आहे.

ती बरगडी होती. मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटिमीटर खाली जायला लागते, मिनिटाला 100 ते 120 वेळा. म्हातारपणी हाडं ठिसूळ, मुरलेल्या डॉक्टरांच्या हाताखालीही मोडतात. लॅबमधली सीपीआरच्या सरावाची डमी पुरेसं दाबलं की टक् वाजते ना? तिथे त्या आवाजाला शाबासकी मिळते. खऱ्या छातीतून आवाज आला तर काय समजायचं, हे मात्र तुला कुणी सांगितलंच नाही. आणि सीपीआर हृदय थांबल्यावर करतात, गं. तुझे हात त्यांना परत आणायला बघत होते.

आता मॅडम. तीसेक वर्षं मी आधी वॉर्डात, मग शिकवण्यात काढली. हेच वाक्य मीही एका मुलीला ऐकवलंय. दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या डोळ्यांनी वेळेवर हजर. मला वाटलं, झाली घट्ट. ती गप्प झाली होती, एवढंच. आमच्या मॅडमनी आम्हाला असंच ऐकवलं होतं. सासूचं सुनेने चालवायचं, तसलाच प्रकार. पहिल्या मृत्यूनंतर मुलीला लास्ट ऑफिसला एकटीला पाठवणं, हे तर चुकलंच.

तू त्या स्टाफ सिस्टरना गाठ. ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरच्या गडबडीत नको, दुपारी वॉर्ड जरा निवांत असतो तेव्हा. म्हण, "त्या दिवशी काय काय झालं, मला पहिल्यापासून सांगाल?" आजोबांचं दुखणं काय होतं, आधी काय बिघडलं, कोण कुठे होतं. सध्या तुझ्या डोक्यात एक आवाज आणि एक चेहरा एवढंच आहे. मागचं-पुढचं कळलं की त्याची धार थोडी बोथट होते. त्यांचा स्वतःचा पहिला पेशंट कोण गेला, तेही विचार. बहुतेकींना बेड नंबरसकट आठवतो.

चहा सध्या सोड, त्याने काही अडत नाही. आईला मात्र फोन कर. सोडण्याचं काढू नकोस, फक्त आजोबांबद्दल सांग.

कोर्सचा निर्णय निदान हे पोस्टिंग संपेपर्यंत घेऊ नकोस. कर्जाच्या धाकाने राहायचं नाही, की या एका दिवसामुळे जायचं नाही. महिना उलटूनही झोप नसेल, वॉर्डाच्या दारात पाय अडत असतील, तर मानसोपचार ओपीडीत जा. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात आलं, तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन.

सिस्टर काय म्हणाल्या, ते मला कळव.