रंधा मारला, तरी फट राहते कशी?

प्रश्न : जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांतून चहाचं टेबल करतेय. अडीच फुटांच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आहेत. ४ नंबरचा लोखंडी रंधा आणला. कड गुळगुळीत होते, पण फळ्या जुळवल्या की मधे फट दिसते. एका जागी लाकूड उचकटतंही. दुकानदार म्हणतो, जॅक आणि रिबेट असे अजून दोन रंधे घ्या. खरंच लागतात का?
– एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, दुकानदार निम्मं खरं बोलला. एकच घ्या, जॅक.

तुमचा ४ नंबर जेमतेम १० इंचांचा. तो फिनिशिंगचा रंधा. कडेला मधे लांबट खड्डा असेल तर तो त्यात उतरतो आणि तिथलंही लाकूड काढतो. कड चकचकीत होते, खड्डा तसाच. ५ नंबरचा जॅक १४ इंचांचा. त्याचा तळ खड्ड्यावरून जातो, पातं फक्त उंचवट्याला लागतं. म्हणून सुरुवातीला टोकांकडूनच तुकडे निघतील, मधे काहीच निघणार नाही. अशा वेळी पातं जास्त बाहेर काढायचा मोह होतो, तो आवरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग साल निघाली की कड सरळ झाली.

अजून एक करा. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून शेगड्यात (लाकूड घट्ट धरणाऱ्या वाइसमध्ये) एकत्र धरा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारा. हात जरा कलला तरी चालतं. फळ्या उघडल्यावर एकीचा कल दुसरीच्या कलात बसतो. मग जोड उजेडासमोर धरून बघा.

७ नंबरचा २२ इंची रंधा सहा फुटी फळ्यांना हवा. तुमच्या टेबलाला तो घेणं म्हणजे उगाच खर्च.

उचकटतंय ते उलट्या रेषांमुळे, म्हणजे लाकडाचे तंतू रंध्याच्या दिशेच्या उलट असल्यामुळे. फळी फिरवून दुसऱ्या बाजूनं रंधा मारा. तरीही उचकटलं तर पात्याच्या पाठीवरची दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा, अर्ध्या मिलिमीटरवर, आणि साल पातळ काढा. पण आधी धार बघा. सागवान पात्याची धार लवकर खातं, त्यात जुन्या दाराच्या फळीत माती बसलेली असते. रंधा लावण्याआधी तारेचा ब्रश मारा आणि बिजागरीच्या जागा लोहचुंबकानं तपासा. आत मोडका स्क्रू निघाला तर पात्याला खाच पडलीच म्हणून समजा. धार लावताना २५ अंशांचा उतार आणि अगदी टोकाला ३० अंश, एवढं पुरे.

रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड आपटलं की तडकतं, हे तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतलं कुणीही सांगेल. तेव्हा टेबलाच्या काठावर रंधा ठेवू नका. पावसाळ्यात तळाला मशीन ऑइलचा हात फिरवा, पण जोडाच्या कडेला लावण्याआधी तळ कोरडा पुसा. तेलकट लाकडाला फेविकॉल नीट धरत नाही.

रिबेट रंध्याचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीचं असतं, चौकटीत काच बसवायची खाच काढायला तो लागतो. तुमच्या टेबलात खाचच नाही. ते पैसे दोन चांगल्या क्लॅम्पवर घाला, फळ्या चिकटवताना लागतीलच.