प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेने थांबायचे का?

“शिक्का बसला तर पोराला वेगळ्या शाळेत टाकतील काय?” ही धास्ती खेड्यांतून येणाऱ्या अनेक पालकांच्या मनात असते आणि शाळा त्यांना सांगते, की आधी अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी नेहमीसारखी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीचे, प्रमाणपत्र आणा, मग पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील एका दोनशिक्षकी शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदमच समोर आल्या. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

“मॅडम, पोट्टं ढ नाही हो, पण वाचाले बसवलं का त्याचं डोकं दुखते,” असे कापूस वेचायला जाणारी त्याची आई म्हणाली. त्याच्या वहीत ‘कापूस’ हा शब्द एका ओळीत ‘कपासु’, तर खालच्याच ओळीत ‘कापस’ असा लिहिलेला होता. मात्र वेचणीचा दर किलोला ८ रुपये असेल तर ३४ किलोचे किती, असे तोंडी विचारताच त्याने २७२ असे बिनचूक सांगितले. तेच उदाहरण कागदावर लिहून दिले तेव्हा तो पहिल्याच ओळीत अडकला.

एवढ्यावरून अध्ययन अक्षमतेचे निदान होत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, कारण चष्म्याचा नंबर असलेली मुलेही ‘अभ्यासात कच्ची’ ठरवली जातात. ती अडचण नव्हती. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात जायचे होते आणि वेचणीच्या हंगामात त्यासाठी रोजी बुडवणे आईला परवडणारे नव्हते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि त्याचे कलम १६ अशी अडचण लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय योजण्याची जबाबदारी शाळांवर टाकते. वर्गातली मदत रुग्णालयाच्या कागदासाठी अडवून ठेवण्याचे त्यामुळे कारण उरत नाही. मी आईला मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यायला आणि त्याची पोच घ्यायला सांगितले. तोंडी विनंती शिक्षकांची बदली झाली की विरून जाते.

वर्गशिक्षकांचा आक्षेप रास्त होता: दोघांनी चार वर्ग सांभाळताना एकासाठी वेगळे शिकवायचे कधी? म्हणून गटसाधन केंद्राच्या (शाळांना मदत करणाऱ्या तालुका पातळीवरच्या शासकीय केंद्राच्या) विशेष शिक्षकांसह आम्ही एका पानात मावेल एवढाच वैयक्तिक आराखडा केला. परिपाठाआधी १५ मिनिटे फक्त काना-मात्रा-वेलांटीचे वाचन, फळ्यावरून उतरवण्याऐवजी तयार मजकूर, परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण न कापणे आणि आकारिक मूल्यमापनातल्या (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनातल्या) तोंडी कामाला पुरेशी संधी, एवढे त्यात होते. शेवटच्या बाबीसाठी तर वेगळी परवानगीही लागत नाही, तरीही अनेक शाळा ती संधी देत नाहीत, याचे मला नवल वाटते. दर महिन्याला त्याच पानावर काय जमले, काय नाही हे तारखेसह लिहायचे ठरले.

वाचन अजून संथ आहे, पण तो शाळा बुडवत नाही. प्रमाणपत्राचे काम उन्हाळ्याच्या सुटीत करायचे आहे, कारण पुढे दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक घ्यायचा झाल्यास ते लागेलच, आणि त्यासाठी त्याला शेजारच्या मुलांपासून वेगळ्या शाळेत जावे लागत नाही. पाचवीला मात्र त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत जायचे आहे. तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत या आराखड्याची प्रतही मागून घ्यायला आईला सांगून ठेवले आहे.